क्षेत्रांचे बांध

ज्ञानाच्या शाखांना 'क्षेत्र' म्हणण्याचा प्रघात मराठीत जुना आहे. क्षेत्र म्हणजे शेत. बोलणाऱ्याच्या मनात असो वा नसो, शेताबरोबर येणारे बांधही त्या शब्दामागून येतात. कोणाची हद्द कोठे संपते, कोणी कोणाच्या हद्दीत नांगर घातला, ह्यावरून खेड्यांत जशी पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालतात तशीच ती विद्यापीठांतही चालतात. तथापि बांधाचा आणखी एक गुण आहे आणि तो शेतकऱ्याला ठाऊक असतो: वर्षानुवर्षे नांगर न लागल्यामुळे बांधावरच्या मातीचा कस टिकून राहतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विज्ञानात जे नवे पीक आले, ते बहुतांशी अशा बांधांवरच आले. पदार्थविज्ञान व जीवशास्त्र ह्यांच्या बांधावर रेण्वीय जीवशास्त्र उगवले. गणित व वैद्यक ह्यांच्या बांधावर, शरीराला शस्त्र न लावता त्याचे अंतरंग दाखविणारी यंत्रे आली. भाषाशास्त्र, संख्याशास्त्र व संगणन ह्यांच्या बांधावर भाषांतर करणारी यंत्रे आली.

परंतु शास्त्राशास्त्रांमधला बांध हा एकच बांध नव्हे. शास्त्र आणि समाज ह्यांच्यामध्येही एक बांध असतो. पहिला ओलांडण्यास प्रतिभा लागते. दुसरा ओलांडण्यास काय लागते, ह्याचा विचार त्या मानाने फार थोडा झाला आहे. ह्या दोन्ही बांधांची कहाणी एकाच पदार्थाच्या निमित्ताने घडलेली पाहावयाची असेल, तर १९९६ पासून ज्याला चेन्नई म्हणतात त्या मद्रास शहराकडे वळावे लागते. तो पदार्थ म्हणजे कातडे.

१९५२ साली मद्रास विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुखपद जी. एन. रामचंद्रन ह्यांच्याकडे आले. त्यांचा जन्म १९२२ चा. म्हणजे वय अवघे तिशीचे. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते विद्युत् अभियांत्रिकी शिकावयास गेले होते. चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी त्यांना आपल्या विभागात ओढून घेतले. पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी स्फटिकशास्त्रात संशोधन केले. मद्रासच्या पदासाठी रामन ह्यांनीच त्यांचे नाव सुचविले आणि कुलगुरू ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार ह्यांनी ते मान्य केले. मुदलियार व्यवसायाने प्रसूतिशास्त्रज्ञ. एका वैद्याने एका तरुण पदार्थवैज्ञानिकाच्या हाती विभाग सोपवावा आणि त्याने काय करावे ह्याविषयी फारशी विचारपूस करू नये, ही घटना दिसते तितकी साधी नाही. विद्यापीठाच्या नियमावलीत विश्वासासाठी कलम नसते. तो कोणीतरी आपल्या जबाबदारीवर ठेवावा लागतो.

त्याच वर्षी प्रख्यात स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला येऊन गेले. बोलण्याच्या ओघात त्यांनी सांगितले, की कोलॅजेन ह्या प्रथिनाच्या संरचनेविषयी तोवर जी प्रतिमाने सुचविण्यात आली त्यांपैकी एकही समाधानकारक नाही. कोलॅजेन हे सस्तन प्राण्यांच्या शरीरात सर्वांत विपुल असलेले प्रथिन. कातडी, कंडरा, हाडे, कूर्चा ह्यांना बळकटी येते ती ह्याच प्रथिनामुळे. रामचंद्रन ह्यांना विषय मिळाला. नमुन्यासाठी दूर जावे लागले नाही. १९४८ साली स्थापन झालेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था विद्यापीठाच्या गिंडी परिसराला लागूनच होती. चर्मोद्योगासाठी काढलेली एक संस्था आणि शुद्ध विज्ञानाचा एक विभाग ह्यांच्यामधले अंतर पायी चालण्याइतके होते. विज्ञानाच्या इतिहासात अशा पायी अंतरांचा वाटा मोठा आहे. त्याची नोंद मात्र क्वचितच होते.

१९५४ साली रामचंद्रन व त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्था ह्यांनी 'नेचर' ह्या नियतकालिकात कोलॅजेनची तीन साखळ्यांची संरचना मांडली आणि १९५५ साली ती सुधारून पूर्ण केली. मराठी घरात सहज समजेल अशा शब्दांत सांगावयाचे तर कोलॅजेन हा तीन पदरी दोर आहे. प्रत्येक पदर स्वतः पिळलेला, आणि तिन्ही पदर पुन्हा एकमेकांभोवती पिळलेले. दोराच्या मध्यभागी जागा इतकी अपुरी, की तेथे ग्लायसीन हे सर्वांत लहान ॲमिनो आम्लच मावते. म्हणून साखळीत दर तिसऱ्या स्थानी ग्लायसीन असावेच लागते. जी गोष्ट रसायनशास्त्रज्ञांना केवळ प्रमाण म्हणून ठाऊक होती, तिचे कारण भूमितीने सांगितले. पदार्थविज्ञानाने जीवशास्त्राचा बांध ओलांडला तो असा.

लगोलग वादही उभा राहिला. अलेक्झांडर रिच व फ्रान्सिस क्रिक ह्यांनी आक्षेप घेतला, की मद्रासच्या प्रतिमानात काही अणू एकमेकांच्या फार जवळ येतात. तपशिलाबाबतची त्यांची दुरुस्ती पुढे ग्राह्य ठरली. तीन पदरी दोराची मूळ कल्पना मात्र मद्रासचीच राहिली. आक्षेपाला उत्तर देण्याचे दोन मार्ग असतात. एक, आपलेच खरे म्हणून अडून बसणे. दुसरा, आक्षेपाच्या मुळाशी असलेला प्रश्नच हाती घेणे. अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात? रामचंद्रन ह्यांनी तोवर ज्ञात असलेल्या स्फटिकसंरचना पाहून अणूंमधील अंतरांच्या मर्यादा ठरविल्या आणि मग विचारले, की ह्या मर्यादा पाळून प्रथिनाची साखळी कोणकोणत्या प्रकारे वळू शकते? साखळीच्या प्रत्येक सांध्याशी दोन कोन असतात. एक कोन आडव्या अक्षावर, दुसरा उभ्या अक्षावर मांडला की एक चौकोन तयार होतो. त्यातील बहुतेक भाग निषिद्ध ठरला; काही मोजकी बेटे तेवढी अनुज्ञात निघाली. १९६३ साली सी. रामकृष्णन व व्ही. शशिशेखरन ह्या सहकाऱ्यांसह प्रसिद्ध झालेला हा निबंध अवघ्या पाच पानांचा होता. 'रामचंद्रन आलेख' ह्या नावाने तो आज जगभर ओळखला जातो. प्रथिनाची नवी संरचना कोणीही मांडली, की ती ह्या आलेखावर पारखून घेण्याचा परिपाठ आहे.

ह्या आलेखाचा स्वभाव नीट ध्यानात घेतला पाहिजे. साखळी कशी वळेल, हे तो सांगत नाही. ती कशी वळू शकेल आणि कशी वळू शकणार नाही, एवढेच तो सांगतो. तो शक्यतेचा नकाशा आहे. नकाशावर एखादे गाव असणे आणि प्रवाशाने तेथे जाणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत. विज्ञानाच्या सामर्थ्याविषयी आणि मर्यादेविषयी जे काही म्हणता येण्याजोगे आहे, ते बहुधा ह्या भेदात आले.

१९७१ साली रामचंद्रन ह्यांनी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन ह्यांच्यासह दुसरा एक निबंध प्रसिद्ध केला. निरनिराळ्या दिशांनी घेतलेल्या क्ष-किरणचित्रांवरून वस्तूची अंतर्गत रचना पुन्हा कशी उभी करावी, ह्याची सोपी व शीघ्र गणिती रीत त्यात होती. त्याच वर्षी लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड ह्यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेतले. आज तालुक्याच्या गावीही 'सिटी स्कॅन' हा शब्द कोणाला समजावून द्यावा लागत नाही. त्या यंत्राच्या पोटातील गणिताला जे वळण लागले, त्यात ह्या रीतीचा वाटा आहे. कातड्यापासून निघालेली वाट रुग्णाच्या उशापर्यंत आली.

येथवरची कहाणी पहिल्या बांधाची, आणि ती उजळ आहे. दुसऱ्या बांधाकडे वळताना त्याच कोलॅजेनचा हात धरून मद्रासपासून पश्चिमेला पालार नदीच्या खोऱ्यात जावे लागते.

मराठीत कातडे 'कमावतात'. कच्चे कातडे कुजते, कमावलेले टिकते. ही किमया म्हणजे रसायनाने कोलॅजेनच्या पदरांना आडवे टाके घालणे होय. महाराष्ट्रात हे काम हिरडा आणि बाभळीची साल करीत आली. कोल्हापुरी चपलेचे कातडे अशाच वनस्पतिद्रव्यांनी कमावलेले असते. तमिळ मुलखात आवारम् झुडपाची साल वापरीत. ह्यालाच मराठीत तरवड म्हणतात. तीन पदरी दोराची वार्ता 'नेचर'मध्ये येण्यापूर्वी कित्येक शतके, तो दोर कसा जपावा हे ढोर-चांभारांच्या हातांना ठाऊक होते. परंतु ज्या हातांनी कातडे कमावले त्या हातांना गावाने वेशीबाहेर ठेवले. ज्ञान होते, ज्ञानवंताला प्रतिष्ठा नव्हती. म्हणून ते ज्ञान ग्रंथात आले नाही, आणि ग्रंथातल्या ज्ञानाने त्याची विचारपूस केली नाही. शास्त्र आणि समाज ह्यांमधला बांध भारतात कधी कधी जातीच्या दगडांनी रचलेला असतो, हे येथे दिसते. चर्मविज्ञानाला विद्यापीठीय दर्जा मिळणे ही त्या दगडांना लागलेली पहिली पहार होय. केंद्रीय चर्म संशोधन संस्थेचे संचालक झालेले यलवर्ती नायुडम्मा ह्यांनी संस्था आणि चर्मकार ह्यांच्यामधले अंतर कमी करण्यासाठी आयुष्य वेचले. १९८५ साली 'कनिष्क' विमानातील बाँबस्फोटात त्यांचा अंत झाला.

पुढे वनस्पतींच्या सालीची जागा क्रोमियमच्या क्षारांनी घेतली. ह्या क्षारांचे टाके अधिक पक्के. सालीने ज्या कामाला आठवडे लागत ते दिवसा-दोन दिवसांत होऊ लागले. कातडे उष्णतेला अधिक टिकू लागले. १९७० नंतरच्या दशकात सरकारने अर्धकच्च्या कातड्याच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि तयार मालाला उत्तेजन दिले. वाणियंबाडी, आंबूर, राणीपेठ येथील कारखाने वाढले. परकीय चलन आले, हजारोंना रोजगार मिळाला. त्यांत पूर्वापार कातडे कमावणाऱ्या समाजांतील माणसेही होती. ह्या जमेकडे डोळेझाक करणे अन्यायाचे होईल. परंतु सर्व क्रोमियम काही कातड्यात मुरत नाही. उरलेले पाण्याबरोबर वाहून जाते. कातडे कुजू नये म्हणून आधी लावलेले मीठही धुऊन बाहेर पडते. ते पाणी जमिनीत उतरले, जमिनीतून विहिरींत गेले.

१९९१ साली वेल्लोरच्या एका नागरिक संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २८ ऑगस्ट १९९६ रोजी निकाल लागला. कृषी विद्यापीठाच्या वेल्लोर येथील केंद्राने केलेल्या पाहणीचा त्यात हवाला आहे; तीनुसार ह्या कारखान्यांच्या पट्ट्यातील सुमारे ३५,००० हेक्टर शेतजमीन अंशतः वा पूर्णतः लागवडीस निरुपयोगी झाली होती. प्रदूषण करणाऱ्याने त्याची किंमत मोजावी, आणि हानीचा संभव गंभीर असेल तर शास्त्रीय निश्चितीची वाट न पाहता खबरदारी घ्यावी, ही दोन तत्त्वे ह्या देशाच्या कायद्याचा भाग आहेत, असे न्यायालयाने त्या निकालात स्पष्ट केले. प्रत्येक कारखान्याला दहा हजार रुपये दंड झाला, आणि पर्यावरणाच्या खटल्यांसाठी स्वतंत्र हरित खंडपीठ नेमावे अशी सूचना मद्रासच्या उच्च न्यायालयाला करण्यात आली.

ह्या निकालातील एक गोष्ट विशेष मननीय आहे. क्रोमियम आणि कोलॅजेन ह्यांचा संबंध कोणाला ठाऊक नव्हता असे नाही. त्याचा अभ्यास चर्मविज्ञानात दीर्घकाळ चालू होता. क्रोमियमचा अपव्यय कमी करण्याच्या, मिठाशिवाय कातडे टिकविण्याच्या रीतींवरही काम होत आले आहे. म्हणजे शक्यतेच्या नकाशावर दोन्ही वाटा होत्या: विहिरी नासविणारी आणि विहिरी राखणारी. त्यांपैकी कोणती धरावयाची, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटण्यासारखा नव्हता. तो बाजाराने एका रीतीने सोडविला, आणि पंचवीस-तीस वर्षांनी न्यायालयाला दुसऱ्या रीतीने सोडवावा लागला. मधल्या काळात ज्यांच्या विहिरींचे पाणी बदलले त्यांना पाण्याची चव सांगता येत होती. त्या चवीचे रासायनिक नाव सांगता येत नव्हते. ज्यांना नाव ठाऊक होते ते ते पाणी पीत नव्हते. दुसरा बांध म्हणतात तो हाच.

ही जुनी हकीकत आज उगाळण्याचे प्रयोजन असे, की विज्ञानाच्या सीमा पुन्हा एकदा हलत आहेत, आणि ह्या वेळी त्या साहित्याच्या व भाषेच्या अंगणातून जात आहेत. प्रथिन ही वीस प्रकारच्या ॲमिनो आम्लांची साखळी. म्हणजे वीस अक्षरांच्या लिपीत लिहिलेले वाक्यच. २०१७ साली यंत्राद्वारे भाषांतर करण्यासाठी एक नवी गणिती रचना मांडण्यात आली. वाक्यातील प्रत्येक शब्दाने इतर शब्दांकडे किती 'लक्ष' द्यावे, हे ती यंत्राला शिकविते. हेच तत्त्व प्रथिनांच्या अक्षरमालेला लावून 'अल्फाफोल्ड' ह्या प्रणालीने २०२० साली, केवळ अक्षरक्रमावरून प्रथिनाची घडी विलक्षण अचूकतेने वर्तविली. २०२२ पर्यंत २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या अनुमानित संरचना सर्वांसाठी खुल्या झाल्या, आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ह्या क्षेत्रातील तिघांना मिळाले. त्यांतील दोघे अल्फाफोल्डचे कर्ते होते. भाषेच्या शेतातले बी जीवशास्त्राच्या शेतात रुजले.

मात्र हे बी ज्या मातीत वाढले ती सार्वजनिक होती. १९७१ पासून जगभरच्या संशोधकांनी कष्टाने उलगडलेल्या संरचना एका खुल्या संग्रहात ठेवल्या. यंत्र शिकले ते त्या संग्रहावर. त्याच यंत्राची पुढची आवृत्ती मे २०२४ मध्ये जाहीर झाली तेव्हा कंपनीने तिची संगणकीय आज्ञावली सोबत दिली नाही. संशोधकांनी उघड नापसंती व्यक्त केल्यानंतर त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ती दिली गेली, तीही विद्यापीठीय वापरापुरती. गायरान सर्वांचे आणि दूध एकाचे, असा प्रकार खेड्याने पूर्वी पाहिलेला आहे. १९५२ च्या मद्रासमध्ये बांध ओलांडणाऱ्याला पलीकडच्या संस्थेचे दार उघडे मिळाले. उद्या तो बांध ओलांडणाऱ्याला पलीकडे कुंपण लागेल की काय, ही शंका अनाठायी नाही.

चेन्नईत ह्या शंकेला कृतीने दिलेली काही उत्तरेही आहेत. गिंडीच्या त्याच वनालगतच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील सुधा गोपालकृष्णन मेंदू केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये मानवी गर्भाच्या मेंदूचा 'धरणी' नावाचा त्रिमितीय नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. ५,१३२ छेदांचा हा संग्रह कोणालाही विनामूल्य पाहता येतो. त्याच संस्थेतील 'एआयफॉरभारत' ह्या गटाने २०२३ साली, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांमध्ये भाषांतर करणारी प्रणाली खुली केली. मराठी तीत आहे, तमिळ आहे, संथाळी आणि बोडोही आहेत. भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी ह्या घटनेकडे केवळ कुतूहलाने पाहून चालणार नाही. पालारच्या काठी जे तुटले होते, म्हणजे ज्याला नाव ठाऊक आहे तो आणि ज्याला चव ठाऊक आहे तो ह्यांच्यामधले बोलणे, ते जोडण्याचे साधन येथे घडत आहे.

साधन म्हणजे साध्य नव्हे, हेही येथेच म्हटले पाहिजे. यंत्र 'प्रिकॉशनरी प्रिन्सिपल'चे मराठी क्षणात करील. परंतु खबरदारी कोणी, कोणासाठी, कोणाच्या खर्चाने घ्यावयाची, हा अर्थ त्या शब्दांत भरण्यासाठी ते शब्द ग्रामसभेत, न्यायालयात, वर्तमानपत्रात वारंवार उच्चारले जावे लागतात. परिभाषा कोशात जन्मते. तिला बळ येते ते वादात. मराठीत परिभाषाकोश झाले. ते आवश्यकच होते. वाद मात्र इंग्रजीत झाले. ज्या भाषेत नव्या शास्त्राविषयी भांडण करता येत नाही, त्या भाषेच्या माणसांना त्या शास्त्राचे फळ मिळते आणि ओझेही मिळते. निवड तेवढी मिळत नाही.

रामचंद्रन उत्तरायुष्यात तर्कशास्त्राकडे वळले. जैनांच्या स्याद्वादाची त्यांनी आधुनिक बीजगणिताशी सांगड घातली आणि त्या पद्धतीला 'स्याद्-न्याय' असे नाव दिले. 'आहे' आणि 'नाही' ह्यांच्यामध्ये 'असू शकेल' ह्याला मानाची जागा देणारा हा विचार. ज्याने तरुणपणी शक्यतेचा नकाशा काढला, त्याला शेवटी शक्यतेचेच तर्कशास्त्र खुणावू लागले, ह्यात एक संगती आहे. २००१ साली चेन्नईतच त्यांचे निधन झाले. त्यांचा आलेख आजही अनुज्ञात आणि निषिद्ध ह्यांच्या सीमा दाखवितो, आणि अनुज्ञातातून काय निवडावे ह्याविषयी मौन पाळतो. ते मौन हा त्याचा दोष नव्हे. बोलण्याची पाळी दुसऱ्यांची आहे, एवढाच त्याचा अर्थ.

'कमावणे' हे क्रियापद मराठीने कातड्यापुरते ठेवलेले नाही. धन कमावतात, शरीर कमावतात, नाव कमावतात. ह्या सर्व ठिकाणी वेळ लागतो, श्रम लागतात, आणि दुसऱ्या कोणी केलेले आपल्या अंगी लागत नाही. प्रयोगशाळेतून समाजापर्यंत येणारे ज्ञान पहिल्या दिवशी कच्च्या कातड्यासारखे असते. ते टिकाऊ करण्याचे रसायन कोणतीही संस्था तयार करून पाठवू शकत नाही. ज्यांच्या विहिरी आहेत त्यांनीच ते आपल्या भाषेत कमवावयाचे असते.